नहपान, गौतमीपुत्र आणि एक ओसाड शेत

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगरावर तिसऱ्या लेण्यातून दहाव्या लेण्यात जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दहावं लेणं क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याच्या जावयानं कोरवून घेतलेलं. तिसरं गौतमीपुत्र सातकर्णीच्या घराण्याचं, म्हणजे ज्यानं नहपानाचं राज्य बुडवलं त्याचं. दोन्हींच्या ओसरीत ब्राह्मी लेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एकमेकांच्या मुळावर उठलेली ही दोन घराणी एकाच डोंगराच्या कुशीत, एकाच संघाच्या भिक्खूंना दान देऊन, शेजारी नांदताना दिसतात.

या दोघांपैकी आपण कुणाच्या बाजूचे, हे नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. गौतमीपुत्र आपला, सातवाहन, पैठणच्या गादीचा. नहपान शक, बाहेरून आलेला. मीही याच भावनेत वाढले आणि आजही गौतमीपुत्राचं नाव घेताना मला अभिमान वाटतो. पण अक्षरं लावत लावत ते लेख स्वतः वाचायला लागले, तशी त्या अभिमानाची जागा सरकत गेली. पूर्वी तो रणांगणावर होता, आता एका शेताच्या बांधावर येऊन थांबला आहे. त्या शेताकडे मी येणारच आहे. आधी ही माणसं भेटायला हवीत.

भांडण कशासाठी होतं ते नकाशा पाहिला की उलगडतं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात दख्खनचा माल समुद्राकडे न्यायला सह्याद्रीतल्या घाटवाटा होत्या आणि त्या वाटांच्या तोंडाशी भरुकच्छ (आजचं भरूच), शूर्पारक (सोपारा), कल्याण ही बंदरं. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेली ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रमार्गांची माहितीपुस्तिका आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, सुती कापड गाड्यांत लादून भरुकच्छला येतं असं तिच्यात लिहिलं आहे. तिथल्या राजाचं नाव त्यानं नांबानस असं दिलं आहे. हा आपला नहपानच, असं अभ्यासक मानतात. कल्याणच्या बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुकच्छला नेली जातात, हेही त्याच पुस्तिकेत आहे. सातवाहनांचं बंदर कोंडायचं आणि सगळा व्यापार आपल्याकडे वळवायचा, हा तो डाव. नाशिक, जुन्नर, मावळ ही ठिकाणं नहपानानं का घेतली, ते यावरून ध्यानात येतं. घाट ज्याचा, त्याची जकात.

नहपानाचा चेहरा आपल्याला माहीत आहे. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर तो आहे, भोवती ग्रीक अक्षरांत नाव, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. मात्र त्याच्या तोंडचा एक शब्दही शिल्लक नाही. त्याच्या वतीनं बोलतो तो जावई, दिनिकाचा मुलगा उषवदात. नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची बायको. दहाव्या लेण्यात या जावयानं आपल्या दानांची जी यादी कोरली आहे ती वाचताना दम लागतो. तीन लाख गाई. देवब्राह्मणांना सोळा गावं. वर्षभर लाख ब्राह्मणांना भोजन. भरुकच्छ, दशपूर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि शूर्पारक इथं धर्मशाळा, विहिरी, तळी, बागा. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर फुकट नावा. शेवटचं हे नाव उच्चारून पाहा. डहाणूच्या खाडीवर कुणा वाटसरूला पैसे न देता पलीकडे नेणारी होडी दोन हजार वर्षांपूर्वी होती आणि तिची नोंद नाशिकच्या डोंगरात आहे, हे मला गाईंच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

त्याच यादीत प्रभास तीर्थावर ब्राह्मणांना आठ कन्या दिल्याचीही नोंद आहे. गाई, गावं, नारळाची झाडं आणि मुली एकाच दमात, एकाच अभिमानानं सांगितलेल्या. त्या आठ जणी कोण होत्या, कुठून आल्या, त्यांना कुणी काही विचारलं का, याचं एक अक्षर नाही. दानशूरपणाचं कौतुक करताना मी या ओळीशी दरवेळी अडखळते, आणि अडखळायलाच हवं.

मात्र उषवदाताच्या लेखांतला जो भाग मला खऱ्या अर्थानं थांबवतो तो हिशेबाचा. वर्ष ४२ च्या लेखात तो म्हणतो की या लेण्यातल्या भिक्खूसंघासाठी आपण ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली आहे. ही रक्कम त्यानं विहाराच्या पेटीत ठेवली नाही. गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ती गुंतवली. एका श्रेणीकडे २,०००, महिन्याला शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १,०००, महिन्याला शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, आणि हजाराच्या व्याजातून त्यांचा इतर किरकोळ खर्च.

माझे वडील पतसंस्थेत हिशेब लिहीत. हा लेख मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी कागद ओढून आकडे मांडले. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. कवडीचाही फरक नाही. वडील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, ही ठेव ठरावात नोंदली होती का? नोंदली होती. निगमसभेत तो व्यवहार जाहीर केला आणि फळ्यावर लिहून ठेवला, असं लेख सांगतो. त्यांना जे समाधान वाटलं ते आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाचं होतं.

इथं राज्यकर्त्याचं एक रूप दिसतं जे मला फार महत्त्वाचं वाटतं. नहपानाच्या राज्यात राजघराण्यातल्या माणसाला आपला पैसा विणकरांच्या हाती विश्वासानं सोपवता येत होता आणि ते नियमानं व्याज देतील असा भरवसा ठेवता येत होता. ज्या राज्यात श्रेणी भक्कम, बाजार चालता आणि लिखापढी चोख, तिथंच ‘कायम’ हा शब्द वापरायचं धाडस होतं. परकं म्हणून ज्याला आपण दोन वाक्यांत निकालात काढतो, त्याच्या राज्याचा हा कारभार होता. जुन्नरला त्याचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, याचाही वर्ष ४६ चा लेख आहे. म्हणजे हे लोक इथल्या मातीत, इथल्या धर्मांत, इथल्या गोत्रांत मिसळत चालले होते. उषवदात पुष्करला जाऊन स्नान करून गाई दान करतो आणि नाशिकला येऊन बौद्ध भिक्खूंसाठी लेणं खोदतो.

मग गौतमीपुत्र आला.

त्याच्याबद्दलही जे भव्य आहे ते त्याचं स्वतःचं बोलणं नव्हे. ते त्याच्या आईचं आहे. तिसऱ्या लेण्यात त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षात गौतमी बलश्रीनं जो लेख कोरवला, तो प्राकृतातल्या सर्वांत देखण्या गद्यांपैकी एक आहे असं मी बेधडक म्हणेन. असिक, अस्मक, मुलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती या देशांचा तो राजा. विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र अशा पर्वतांचा स्वामी. ‘तिसमुदतोयपीतवाहन’, ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली. शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा. ‘खखरातवसनिरवसेसकर’, क्षहरातांच्या, म्हणजे नहपानाच्या घराण्याच्या, वंशातलं काही शिल्लक न ठेवणारा. सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं करणारा.

आपण इथवर वाचतो आणि थांबतो. बलश्री थांबत नाही. पुढे ती सांगते की त्यानं धर्मानं जेवढे येतील तेवढेच कर घेतले. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायला तो नाखूश असे. नगरजनांच्या सुखदुःखात तो त्यांच्याइतकाच सहभागी होता. आईच्या सेवेत त्यानं कधी खंड पडू दिला नाही. एकाच लेखात ‘निरवशेष’ करणारा आणि प्राणहिंसेची आवड नसलेला असे दोन राजे आहेत. त्यांचा मेळ घालायची गरज तिला वाटली नाही. आईला वाटणारही नाही.

या लेखातल्या एका गोष्टीचा मात्र मला अभिमान वाटू शकत नाही. चार वर्णांचा संकर त्यानं थांबवला, असं ती गौरवानं सांगते, आणि त्याला ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणते. अनेक वंशांची, अनेक देशांची माणसं घाटवाटांवरून येत-जात असताना, बंदरांत आणि बाजारात मिसळत असताना ही फुशारकी कोरली गेली. काळाची भाषा म्हणून ती समजून घेता येते. आदर्श म्हणून तिची आरती करणाऱ्यांशी माझं जमत नाही, मग ते कितीही सातवाहनप्रेमी असोत.

नाण्यांकडे वळते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी या गावी एक मोठा साठा सापडला, चांदीची १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची. त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपली मुद्रा पुन्हा ठोकली आहे, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, सोबत त्याचं नाव. कित्येक नाण्यांवर ठशाखालून नहपानाचं नाक, कपाळ, ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात. शाळेत हे नाणं म्हणजे विजयाचा पुरावा म्हणून शिकवतात आणि तो पुरावा आहेच. पण जरा कारभाऱ्याच्या नजरेनं पाहा. चांदी वितळवून नवी नाणी पाडता आली असती. त्याऐवजी त्यानं लोकांच्या हातातलं, वजन ओळखीचं असलेलं नाणं चालू ठेवलं आणि त्यावर फक्त राजा बदलल्याची नोंद केली. ज्या विणकरानं नहपानाच्या काळात ठेव घेतली होती त्याच्या गल्ल्यातलं चलन एका रात्रीत कवडीमोल झालं नाही. हे मला लढाई जिंकण्याइतकंच कर्तृत्वाचं वाटतं.

आणि तो दहाव्या लेण्यात छिन्नी घेऊन गेला नाही, हे त्याहून मोठं. नहपानाचं आणि त्याच्या जावयाचं नाव त्या भिंतींवर ठळक अक्षरांत होतं. डोंगर आता त्याच्या ताब्यात होता, पाथरवट त्याच्या पदरी होते. शत्रूचा वंश नाहीसा केल्याचं जिथं पुढे कोरलं जाणार होतं, तिथून पाच मिनिटांवर शत्रूची थोरवी शाबूत राहिली. इतकंच काय, तिसऱ्या लेण्याची घडण पाहणाऱ्याला ती दहाव्यावरून घेतल्याचं चटकन कळतं. तेच सहा खांब, तीच घंटेसारखी शीर्षं, वर प्राणी. दहाव्याचं काम अधिक रेखीव आहे, हे सातवाहनांवरच्या प्रेमासकट मान्य करायला हवं. तिसऱ्याचं सौंदर्य त्याच्या दारावरच्या तोरणात आणि ओसरीखाली तुळया खांद्यावर घेतलेल्या त्या यक्षांत आहे.

आता ते शेत.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर दोन राजाज्ञा आहेत. पहिली गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षातली. विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला हुकूम सुटतो: पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत आम्ही त्रिरश्मीवरच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या, भिक्खूंना देत आहोत. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मीठ काढण्यासाठी खणायचं नाही. बाकीच्या सवलती लागू. लढाईची धूळ खाली बसायच्या आत हा माणूस सातबारा लिहून देतोय.

दुसरी आज्ञा त्याच भिंतीवर, पहिलीच्या खालोखाल. वर्ष २४. ही राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावे आहे. अमात्य आता श्यामक. आज्ञेची सुरुवात अशी की श्यामकाला आधी क्षेमकुशल विचारावं आणि मग सांगावं. काय सांगावं? की आम्ही पूर्वी भिक्खूंना काखडी गावातलं शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही. त्या गावात वस्तीही नाही. असं असल्यामुळे नगराच्या सीमेवर जे आमचं राजकीय शेत आहे त्यातून १०० निवर्तनं आम्ही भिक्खूंना देत आहोत.

मी या ओळी पहिल्यांदा लावल्या तेव्हा खरंच असं लिहिलं आहे का म्हणून पुन्हा अक्षरं तपासली. तीन समुद्रांचा स्वामी दगडावर कबूल करतो की आम्ही दिलेलं दान निरुपयोगी निघालं. सहा वर्षांपूर्वीचा हुकूम त्याच भिंतीवर आहे, तो पुसलेला नाही, झाकलेला नाही. त्याच्याखाली दुरुस्ती आहे. आणि दुरुस्तीचं कारणही स्वच्छ लिहिलं आहे.

ते गाव का ओस पडलं असेल? लेख सांगत नाही. मला वाटतं लढाईनंच. घाटवाटांवरचं युद्ध म्हणजे गोवर्धनच्या आसपासची शेतं तुडवणं, बैल नेणं, माणसं पळवून लावणं. जिंकलेल्याच्या नावावर गाव झालं, पण नांगर धरायला माणूस उरला नव्हता. बलश्रीच्या लेखात घोडे समुद्राचं पाणी पितात. या लेखात एक गाव रिकामं आहे. दोन्ही एकाच राजवटीचे, एकाच ओसरीतले. मी कुणालाही गौतमीपुत्र समजावून सांगायचा झाला तर दुसऱ्यापासून सुरुवात करीन.

कल्पना करून पाहते की हे राजापर्यंत पोचलं कसं असेल. वर्षावासात उपाशी राहण्याची वेळ आलेले भिक्खू कुणाकडे तरी गेले असणार. ‘तुम्ही दिलेल्या जमिनीत काही उगवत नाही’ हे राजाला सांगण्याची कुणाची तरी हिंमत झाली असणार, आणि सांगणाऱ्याचं ऐकून घेतलं गेलं असणार. दान कधी दिलं आणि त्याचा लेख कधी पुरा झाला, या दोन्ही तारखा शेवटी आहेत. उन्हाळ्याच्या दुसऱ्या पक्षात दिलं, पावसाळ्याच्या चौथ्या पक्षात अंमल पुरा झाला. लोटा नावाच्या प्रतिहारीनं, म्हणजे द्वाररक्षिकेनं, लेख केला, हेही आहे. कारभार म्हणजे हे: कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, कधी झालं.

या आज्ञेत बलश्रीचा उल्लेख ‘जीवसुता’ असा आहे, जिचा मुलगा हयात आहे ती. राजाच्या हयातीत आईचं नाव हुकुमावर का आलं याबद्दल अभ्यासकांनी बरेच तर्क केले आहेत. तो आजारी होता, असाही एक. मला त्या तर्कांपेक्षा हे जास्त लागतं की याच लेण्यात, नातवाच्या १९ व्या वर्षी, तीच बाई पुन्हा बोलते तेव्हा बहुतेक अभ्यासकांच्या मते तिचा मुलगा या जगात नाही. महाराजाची आई आणि महाराजाची आजी, अशी ती आपली ओळख सांगते. तिसऱ्या लेण्याचा सगळा थाट एका म्हाताऱ्या आईनं आपल्या गेलेल्या मुलासाठी उभा केला आहे. हे माहीत झाल्यावर त्या लेखातली अतिशयोक्ती मला खटकेनाशी झाली.

वारसा म्हणाल तर तो दोघांचाही असा एकमेकांत अडकलेला आहे. कार्ल्याच्या भिक्खूंना उषवदातानं करजिक गाव दिलं होतं. सातवाहनांची राजाज्ञा तेच गाव त्याच लेण्यातल्या भिक्खूंना पुन्हा देते, आणि तीही कार्ल्याच्या चैत्यगृहावर कोरलेली आहे. राज्य पालटलं तरी भिक्खूंच्या ताटातलं अन्न पालटलं नाही. आणि ‘निरवशेष’? क्षहरात संपले, पण कच्छ-सौराष्ट्राकडून चष्टनाचं दुसरं क्षत्रप घराणं उभं राहिलं. त्याचा नातू रुद्रदामन यानं गिरनारच्या लेखात, इसवी सन १५० च्या सुमारास, दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही असं लिहून ठेवलं. नातं कोणतं, ते कान्हेरीला कळतं. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक राजांच्या, म्हणजे चष्टनाच्याच घराण्याच्या, वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं म्हटलं आहे. ज्या घरानं शकांचा नाश केल्याचं कोरलं, त्याच घरात शकांची लेक सून म्हणून आली. पुढच्या सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे चेहरे छापायला घेतले, ती रीतही क्षत्रपांची. आपल्या पंचांगातला शालिवाहन शकसुद्धा मुळात शक क्षत्रपांनी चालवलेला संवत. सातवाहनांचं नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटलं. पाडव्याला आपण ज्या विजयाची गोष्ट सांगतो, तिच्या वर्षगणनेत हरलेल्यांनाही जागा आहे, आणि मला ते योग्य वाटतं.

दोघांत मोठा कोण, असं कुणी विचारलं तर मी गौतमीपुत्राचं नाव घेईन, क्षणाचाही विचार न करता. नहपानाच्या राज्यानं पैसा फिरता ठेवला, नद्यांवर होड्या ठेवल्या, विणकरांवर विश्वास टाकला. हे सगळं गौतमीपुत्राला आयतं मिळालं आणि त्यानं ते मोडलं नाही. त्यात त्यानं आपली भर घातली ती चूक सुधारण्याच्या रीतीची. ती रीत त्याच्या मागेही टिकली. तिसऱ्या लेण्यात पुळुमावीच्या २२ व्या वर्षाची आज्ञा आहे. गोवर्धनचा अमात्य आता शिवस्कंदिल आहे. लेण्याच्या देखभालीसाठी तीन वर्षांपूर्वी दक्षिणेच्या वाटेवरचं सुदसण गाव दिलं होतं. ते बदलून भिक्खूंना पूर्वेच्या वाटेवरचं सामलिपद द्यावं, असा हुकूम आहे. बापाच्या आज्ञा जिथं कोरल्या आहेत त्याच ओसरीत मुलाची ही अदलाबदल नोंदलेली आहे, नव्या गावाला त्याच सगळ्या सवलती लागू करून.